आखानाचं घर कुठवर

अंकितनं प्रभुभोजनाचा द्राक्षरस प्यायला. एक घोट नाही, अख्खी बाटली. माझाच नातू. हिंगण्याच्या कंपनीत पाळी करतो आणि सुटीच्या दिवशी चर्चची झाडलोट, म्हणून कपाटाची किल्ली त्याच्याकडे. तहान लागली होती म्हणे. नळ शेजारीच होता.

शिक्षा मात्र त्याच्या बहिणीला झाली. सोनिकाच्या लग्नाची घोषणा चर्चमध्ये दोन रविवार वाचून झाली होती. पंचांनी आमच्या साऱ्या घराला प्रभुभोजन बंद केलं आणि तिसरी अडवली, आणि तिसरीशिवाय आमच्यात लग्न लागत नाही. काटोलचे व्याही रोज फोन करून विचारू लागले. पोरगी जेवेना.

पंचांचे पुढारी केशवराव. त्यांनी बायबल उघडून दाखवलं, की आखानानं एकट्यानं चोरी केली, पण त्याची पोरंबाळं, बैल, गाढवं, सगळ्यांना धोंडे बसले. मी चौथी नापास. तरी एवढं मला कळतं, की त्या गाढवांनी काही चोरलं नव्हतं.

रविवारी उपासनेनंतर सगळे चहाला थांबले, तेव्हा विचारलं, "केशवराव, घर म्हणजे कुठवर धराचं?"

"रक्ताचे सारेच, मावशी."

"मावशी म्हणता, बरं झालं. तुमची बायको प्रमोदिनी माह्या सख्ख्या बहिणीची पोरगी. तिले प्रभुभोजन बंद करा. तिच्या पोरांले बी."

मग खजिनदारांची सून काढली, ती माझी पुतणी. पाळकसाहेबांच्या आजीपाशी पोचले, तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला. माझ्या हिशोबानं प्रभुभोजनाला उरला एकटा पेटी वाजवणारा. तो केरळचा, बुटीबोरीत नोकरीला.

प्रमोदिनीनं नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. तशी केशवरावांना त्याच बायबलात यहेज्केलाची पानं सापडली, चष्मा न लावता. बापाचं पाप लेकावर नाही, भावाचं बहिणीवर नाही. भाऊबहीण त्यांनी पदरचे घातले. मी हरकत घेतली नाही.

पुढच्या रविवारी सोनिकाची घोषणा झाली. मग पाळक म्हणाले, ज्यानं पाप केलं त्यानं उभं राहावं. अंकितनं माझा पदर धरला.

"आजी, तू बी उभी राय ना."

"काहून गा? बाटली म्या पेली होती का?"

तो उभा राहिला. एवढा उंच पोरगा, पण माझा पदर धरूनच. मी ताठ मानेनं समोर पाहत बसले. पदर मात्र त्याच्या मुठीतून सोडवला नाही. पुढच्या बाकाआडचं केशवरावांना दिसत नाही.