नकाशावरची लाल बाजू

पुलाच्या अलीकडच्या ठाण्याचे ठाणेदार दारूला शिवत नसत असं नाही, पण शिवले तरी लगेच हात धुणाऱ्यांपैकी होते. म्हणूनच साहेबांच्या कचेरीतल्या नव्या नकाशात आपला भाग लालभडक आणि पुलापलीकडचा हिरवागार पाहून त्यांना घाम फुटला. दारू पिऊन रस्त्यात दंगा केल्याबद्दल कोर्टात कुठे किती शिक्षा झाल्या, ते त्यात रंगवलं होतं. नदी एक, बाजार एक, दारूच्या दुकानांचा मालकही एकच. मग अलीकडचेच लोक एवढे कसे झिंगतात, असा साहेबांचा सवाल होता. पुढच्या बैठकीत पटेल असं उत्तर मिळालं नाही, तर ठाणेदारांची बदली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला होणार होती.

त्यांची बायको नुकतीच मुख्याध्यापिका झाली होती आणि ती खुर्ची सोडून ती कुठेही येणार नव्हती. म्हणजे ठाणेदारांना एकट्यालाच राहावं लागणार होतं. स्वतःचे मोजे कुठल्या खणात असतात, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

जखमेवर मीठ म्हणजे, पलीकडचा ठाणेदार त्यांचा सख्खा साडू होता. नकाशा लागल्यापासून सासुरवाडीत साडूला आरामखुर्ची आणि यांना स्टूल मिळू लागलं होतं. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी, साध्या कपड्यांत, ते मान खाली घालून साडूला भेटायला गेले.

साडूने त्यांना पलीकडच्याच बाजूच्या एका बारमध्ये नेलं. आपल्याकडे दारुड्याला कोर्टात नेतच नाहीत, त्याच्या घरी पोचवतात, एवढीच युक्ती आहे, असं त्याने सांगितलं. एवढंच? हो, एवढंच. पण एवढंच सांगायला त्याने बराच वेळ घेतला आणि तेवढ्या वेळात ठाणेदारांचा ग्लास काही रिकामा होऊ दिला नाही. मग त्याला कुठलंसं काम आठवलं आणि तो निघून गेला.

दिवेलागणीला ठाणेदार बाहेर पडले तेव्हा रस्ता जरा तिरका झाला होता. विजेच्या खांबाला ते पुलाची वाट विचारत असताना एका तरण्या शिपायाने अदबीने त्यांचं कोपर धरलं.

"काका, घर कुठं?"

"मी ठाणेदार आहे," ते म्हणाले.

"असणारच. काल एक न्यायाधीश पोचवले."

शिपाई त्यांना घेऊन पुलावर आला. पुलावर ही गर्दी. माणसं झोकांड्या खात, पण कमालीच्या घाईने अलीकडच्या टोकाकडे चालली होती. एकाने जाता जाता ठाणेदारांच्या पाठीवर थाप मारली. "तुम्ही सापडलात होय काका? चार पावलं राहिली होती. तिकडचे पोलीस बरे, निवांत झोपू देतात, सकाळी कोर्टात किरकोळ दंड भरला की सोडतात, घरी काही कळवत नाहीत."

ठाणेदारांची निम्मी नशा तिथेच उतरली. पुलाच्या टोकाला त्यांचाच जाडा हवालदार त्या मंडळींना एकेक करून गाडीत बसवत होता. त्याने आपल्या ठाणेदारांना पाहून कडक सलाम ठोकला.

"मला पकड," ठाणेदार कळवळून म्हणाले.

"साहेब, तुम्हाला त्यांनी आधी धरलंय," हवालदार म्हणाला. "त्यांच्या केसमध्ये आपण कसं पडणार?"

घरापाशी शिपायाने बेल वाजवली आणि शेजारच्या सगळ्या खिडक्या उघडेपर्यंत धीराने थांबला. मग खणखणीत आवाजात म्हणाला, "वहिनी, तुमचा माणूस आणलाय. सांभाळून घ्या." बायकोने त्याचे आभार मानले, दार लावलं आणि नवऱ्याला म्हणाली, "आपण जेवणार आहात का?"

एवढ्या वर्षांच्या संसारात तिने त्यांना 'अहो' म्हटलं होतं, रागाने 'अरे देवा' म्हटलं होतं, पण 'आपण' कधी म्हटलं नव्हतं. पुढचा सगळा आठवडा 'आपण चहा घेणार का', 'आपण अंघोळ केलीत का', 'आपण दिवा मालवता का' असंच चाललं. कोर्टातला दंड यापुढे काहीच नव्हता.

बैठकीत साहेबांनी छडी नकाशावरच्या लाल भागावर टेकवली. ठाणेदार उभे राहिले. "साहेब, यातले निम्मे लोक हिरव्या बाजूचे आहेत. घरी पोचवतील या धास्तीने ते आमच्याकडे पकडून घ्यायला येतात."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

साडू पंख्याकडे पाहू लागला. ठाणेदारांना दूरच्या गावची रिकामी खोली दिसली, आणि सगळ्या अधिकाऱ्यांसमोर त्यांनी खांबापासून खिडक्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं. आधी कोणीतरी खोकलं, मग खोलीभर हशा पिकला. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी बैठक संपवली, सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि ठाणेदारांना थांबवून घेतलं. साहेबांचा बंगला पलीकडे होता.

"घरी खरंच कळवत नाही?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"नाही साहेब. माणूस सज्ञान असतो."

साहेबांनी बदलीचा कागद खणात टाकला.

"मग तुम्ही इथेच बरे," ते म्हणाले. "कोठडीत उशी असते का?"

"देऊ ना, साहेब," ठाणेदार म्हणाले.