नेमात सोडलेली गोळी

आई गेल्यापासून कौशल्याबाईंची झोप उडाली होती. रात्र रात्र त्या रडत. तेव्हा त्यांचे यजमान भोजराज पवनीच्या एका डॉक्टरकडून पांढऱ्या गोळ्या घेऊन आले आणि जेवणानंतर रोज स्वतःच्या हातानं एकेक देऊ लागले. झोप आली, पण ती सकाळी उठल्यावरही अंगातून निघेना. पोथी वाचताना मान लवायची, चुलीवर भात करपायचा. त्यांच्या कोंढा गावच्या तलावाच्या पाळीवरून उतरताना तोल जाऊन त्या पडल्याही. भोजराज मात्र खूश. घरात चकार शब्द नव्हता.

असं वर्ष-दीड वर्ष गेलं. कौशल्याबाईंना एकच सल होता. देवापुढे बसावं, तर तिथंही डुलक्या.

चातुर्मास लागला. बायका देवळात नेम धरायला जमल्या. कुणी कांदा सोडला, कुणी चहा. धाकटी जाऊ धुरपता हिनं वांगी सोडली.

"मी गोळी सोडली," कौशल्याबाई म्हणाल्या.

"आमी वांगी सोडली, बाई, तुमी तं झोपच सोडली!" धुरपता हसली.

सुरुवातीला काहीच झालं नाही. उलट डोळ्यांवरचं जाळं हटल्यासारखं वाटलं. देवानं ऐकलं! मग हात थरथरू लागले. भांडं पडलं तरी छातीत धडधड. झोप तर नावालाही नाही. देव परीक्षा पाहतोय, असं समजून त्या दात आवळून राहिल्या. एका शुक्रवारी देवीच्या आरतीत त्यांचं अंग ताठ झालं, डोळे फिरले आणि झटके देत त्या खाली कोसळल्या.

"माय आली वो! माय आली अंगात!"

शुद्ध आली तेव्हा जीभ रक्ताळलेली, लुगडं ओलं, कपाळभर कुंकू. पायांशी धुरपता हात जोडून बसलेली: "माय, माया पोराले नौकरी लागन का वो?"

हे कळताच कौशल्याबाईंचे भाऊ लक्ष्मणराव आले आणि त्यांना भंडाऱ्याला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही गोळी अंगातून लवकर उतरत नाही. आजची निघायच्या आत उद्याची पडते, साचत जाते. म्हणून दिवसाही गुंगी, म्हणून तोल जाणं. आणि सवय लागल्यावर एकदम तोडली तर फीट येते. ती थोडी थोडी कमी करत सोडायची. कुणी सांगितलं नाही?"

घरी येऊन कौशल्याबाईंनी नवऱ्याला तेच विचारलं.

भोजराज खाली पाहत म्हणाले, "सांगतलं होतं डॉक्टरनं. म्हणे, जास्त दिवस देऊ नोका, अन् एकदम बंद करू नोका. पण तू कशी शांत रायत होतीस..."

"शांत?" जन्मात आवाज न चढवलेली बाई कडाडली. "मी मायसाठी रडत होती, ते तुमाले आयकू नोको होतं! म्हून मले गुंगीत ठेवलं? अन् मी नेम धरला तवा बी तोंड शिवून बसले?"

त्यांनी कपाटातून गोळ्या काढल्या, एक मोडली आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे अर्धी, देवापुढे उभं राहून गिळली.

"नेम मोडला, देवा. पन माफी मी नाही मागनार. यायले मागू दे." त्यांनी नवऱ्याकडे बोट केलं.

पुढच्या शुक्रवारी अंगण बायकांनी भरलं. भोजराजांनीच सतरंजी अंथरली होती. गावात मान वाढला होता ना! नारळ, ओटीची ताटं मांडलेली. कौशल्याबाई बाहेर आल्या.

"उठा. माय नाही आली मले, फीट आली होती. गोळीनं आली. अन् गोळी यायनं चारली."

"अवो, लोक पाहून राहिले!" भोजराज कुजबुजले.

"पाहू द्या. मी पडली तवा बी पायतच होते."

बायका ताटं उचलून निघाल्या. धुरपता तर फणकाऱ्यानं. शेजारच्या म्हाताऱ्या चंद्रभागाबाई मात्र हलल्या नाहीत. त्यांनी पदराची गाठ सोडली. आत तशाच पांढऱ्या गोळ्या.

"माया पोरगा बी मले हेच देते," त्या हळूच म्हणाल्या. "फेकू का वो?"

"फेकू नोको, आत्या," कौशल्याबाईंचा आवाज अजून रागानं थरथरत होता. "आज घे. उद्या मायासंगं भंडाऱ्याले चाल. अन् पोराले बी घे संगं. त्याले आयकू दे."