उगवतीकडे चार पावलं

शनिवारी शिक्षण परिषद होती आणि पुनमला सगळ्यांसमोर इंग्रजीचा तास घेऊन दाखवायचा होता. केंद्रातले वीस-बावीस शिक्षक तांड्यावरच्या शाळेत येणार, खुर्च्या टाकून बसणार. गेल्या वर्षी असाच तास झाला, तेव्हा आताच्या चौथीतल्या एकाही लेकराने तोंड उघडलं नव्हतं. सगळी आपापल्या पायाचे अंगठे न्याहाळत उभी राहिली होती. यंदाही तसंच झालं, तर इंग्रजी आपल्यासाठी नाहीच, हे त्यांच्या मनात कायमचं रुतून बसेल, अशी तिला धास्ती होती.

म्हणून तिने पुस्तक बाजूला ठेवून खेळ रचला. पटांगणात रांगोळीने गाव काढायचं: शाळा, हातपंप, किराणा दुकान, पिठाची गिरणी. एकाच्या डोळ्यांना रुमाल बांधायचा आणि दुसऱ्याने लेफ्ट-राइट सांगत त्याला हातपंपापर्यंत न्यायचं. टाचणवहीत तिने हे तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. कागदावर तरी ते झकास दिसत होतं.

गुरुवारी रंगीत तालीम झाली आणि पाच मिनिटांत तीन तेरा वाजले. रुमाल भावसिंगच्या डोळ्यांवर, समोर पूजा. तिने लेफ्ट म्हणावं आणि त्याने भलतीकडे जावं. दोनदा तो किराणा दुकानातून आरपार गेला. पोरं हसून लोळली. पूजा मात्र चिडली.

"मॅडम, लेफ्ट त्याचं का माझं?"

"त्याचं."

"पण तो तर घडीघडी फिरून राहिला. त्याच्यासंगं डावं बी फिरून राहिलं. असलं फिरतं डावं काय कामाचं? उगवतीला इंग्रजीत काय म्हंतेत, ते सांगा."

पुनमला घर आठवलं. शिरड शहापूरच्या तिच्या घरीही डावं-उजवं कोणी म्हणत नसे. तिचे वडील, रामकिशनअण्णा, ताटातलं लोणचंसुद्धा मावळतीच्या अंगाला वाढायला सांगत. अडीच महिन्यांपूर्वी, दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात, दुखण्याबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. तकलीफ एकच होती. खाटेजवळ खिडकी नव्हती आणि आपलं डोकं कुठल्या दिशेला आहे, ते त्यांना कळेना. मग ती तीन जिने उतरून सूर्य बघून आली होती. ऐकल्यावर अण्णा निवांत झोपले होते.

"ईस्ट," ती म्हणाली. "उगवती म्हणजे ईस्ट."

उरलेल्या तीन दिशा लेकरांनी पाणी प्यावं तशा पिऊन टाकल्या. भावसिंगला तीन गिरक्या देऊन सोडलं, तरी कानशिलावरच्या उन्हावरून तो बरोबर वेस्टला वळला. संध्याकाळी पुनमने टाचण चौथ्यांदा खोडलं.

शनिवारी खुर्च्या भरल्या आणि पूजाची नजर अंगठ्यावर गेली. मागची रांगच्या रांग तिच्यासारखीच खाली बघू लागली. केंद्रप्रमुख राठोड सरांनी टाचणवही चाळली आणि पुस्तकातलं लेफ्ट-राइट यात कुठे आहे, असं जरा चढ्या आवाजात विचारलं. पुनम उत्तराची जुळवाजुळव करत होती, तेवढ्यात पूजाने मान वर केली.

"सर, त्याचा भरोसा न्हाई. तुमी रुमाल बांधून पहा."

कोणीतरी खोकलं. राठोड सरांनी सावकाश चष्मा काढला, खिशात ठेवला आणि डोळे पुढे केले.

"गो ईस्ट, सर. फोर स्टेप्स."

सर ठामपणे गिरणीत शिरले. पूजाने त्यांना थांबवलं आणि धरून पहिल्या जागी आणलं. त्यांनी ईस्ट कुठे आहे, असं मराठीत विचारलं.

"इन इंग्लिश, सर," पूजा म्हणाली.

खुर्च्यांवर हशा पिकला. सरांना तो प्रश्न इंग्रजीत विचारावा लागला. सत्तावीस बोटं एकदम पूर्वेकडे गेली, पण रुमालातून ती दिसणार कशी? मग मागच्या रांगेतला भावसिंग, ज्याने आजवर वर्गात इंग्रजीचा शब्द आपणहून काढला नव्हता, तो ओरडला, "सर, युवर नोज इज वेस्ट. टर्न युवर नोज."

सरांनी नाक वळवलं आणि चार पावलांत हातपंप गाठला.

त्यानंतर रुमालासाठी शिक्षकांचीच रांग लागली. लेकरांनी त्यांना आपापसांत वाटून घेतलं. जवळा बाजारचे एक गुरुजी काही केल्या किराणा दुकानाबाहेर पडेनात आणि तिघी जणी कमरेवर हात ठेवून त्यांना इंग्रजीत रागवत होत्या. पुनमला करण्यासारखं काही उरलंच नाही. ती निंबाच्या सावलीत उभी राहून हसत होती, आणि मधल्या सुट्टीची घंटा द्यायची कोणाला आठवण झाली नाही.