नागम्मा ज्या दिव्याला हात जोडायची

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. अहमदपूरच्या रस्त्याला एका गॅरेजच्या मागे, बाभळीखाली उभी आहे. उभी म्हणायचं आपलं. चाकं केव्हाच काढून नेली, आता विटांवर टेकवून ठेवलंय मला. येणारे-जाणारे भंगार म्हणतात. म्हणू देत. भंगारालाही आयुष्य असतं, आणि माझं ऐकण्यासारखं आहे. मात्र हसू येईल अशी ही गोष्ट नाही, हे आधीच सांगते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. पहिली नोकरी बिलोलीला, सरकारी कचेरीत. साहेब पुढं बसायचे आणि फायली मागं. मी निवडणुकीच्या पेट्या वाहिल्या, पुरात अडकलेली माणसं वाहिली, आणि एकदा तर एका साहेबांच्या लेकीचं रुखवतसुद्धा वाहिलं. ड्रायव्हर रोज सकाळी माझी काच पुसायचा आणि चहा पिता पिता मला निरखायचा. मग कचेरीत नव्या गाड्या आल्या. मला मागच्या लिंबाखाली ढकललं. तिथं एका कोंबडीनं माझ्या सीटवर अंडी घातली. त्या दिवसांत माझा उपयोग फक्त तिलाच होता.

लिलावात मला सिद्धलिंगनं घेतलं. अहमदपूरच्या डोंगराकडच्या एका गावचा हा माणूस, तिशीतला, बोलायला गोड आणि कामाला वाघ. घरात तो आणि त्याची म्हातारी आई नागम्मा, दोघंच. तेव्हा उदगीरचा नवा जिल्हा होणार अशी हवा होती. चौकात फलक लागले होते, हॉटेलात तोच विषय. सिद्धलिंग म्हणायचा, "अव्वा, जिल्हा झाला की नवी हापिसं येणार. हापिसं आली की गाड्या भाड्यानं लागणार. आपली जीप पहिली लागंल बघ." नागम्मा माझ्या बोनेटवरून हात फिरवायची. मलाही वाटायचं, पुन्हा साहेब बसतील, पुन्हा माझी काच पुसली जाईल.

जिल्हा काही आला नाही, दुष्काळ आला. पहिल्या वर्षी विहिरी आटल्या, दुसऱ्या वर्षी बोअर आटले. लातूरच्या शहरात पाण्यासाठी रांगा लागल्या, तिथं डोंगरातल्या वस्त्यांना कोण विचारतो? टँकर गावापर्यंत यायचा. पुढं वस्तीचा रस्ता म्हणजे नुसते दगड आणि नाले, तिथं टँकर जाईना. मग सिद्धलिंगनं मनावर घेतलं, की जीप उंच करायची, मोठे टायर टाकायचे, मागं पाण्याची टाकी बसवायची आणि वस्तीवर पाणी पोचवायचं.

हे काम निजामोद्दीन मिस्त्रीनं केलं. त्याचंच हे गॅरेज. माणूस चांगला, हात बरा, पण नेहमी घाईत. त्यानं माझ्या स्प्रिंगच्या पाट्यांत आणखी पाटे वाढवले, मला चांगलं चार बोटं वर उचललं, ट्रॅक्टरला शोभतील असे टायर चढवले. खरं सांगते, मी मनातून खूश झाले होते. इतकी वर्षं खाली मान घालून उभी होते, आता रस्त्यावरची पोरं मान वर करून माझ्याकडं बघायला लागली.

पण एक गोष्ट राहिली. ब्रेकचं तेल चाकापर्यंत नेणारी रबरी नळी जुन्याच मापाची ठेवली. अंग वर गेलं आणि नळी ताणली गेली. आखूड बाह्यांचा सदरा घालून हात वर केले की काखेत कसं ओढतं, तसं मला चाकापाशी ओढायला लागलं. गॅरेजपासून घरापर्यंतच्या खड्ड्यांतच नळीला पाझर फुटला. थेंब थेंब तेल जायला लागलं.

घरी नागम्मा वाट बघत होती. तिनं मला विभूती लावली, समोर पणती लावली. "आता चालू कर," म्हणाली. सिद्धलिंगनं चावी फिरवली. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे क्षणभर लागले आणि गेले. एक लाल दिवा तेवढा राहिला, ब्रेकचा.

मित्रांनो, मला तोंड नाही. काही दुखलं-खुपलं तर सांगायला माझ्याकडं तेवढाच दिवा आहे. माझं तेल चाललंय, थांब, असं मी त्याला सांगत होते. पण नागम्मानं त्या दिव्याला हात जोडले. "सिद्धू, बाकीचे शांत झाले, ह्यो एकटा राहिला बघ. देवाचा हाय ह्यो दिवा."

त्यांच्या घरात दिवा विझला असं कुणी म्हणत नसे. शांत झाला म्हणायचं. जळता दिवा म्हणजे घराचं बरं चाललंय, एवढं त्या माउलीला ठाऊक. सिद्धलिंगला मात्र तो दिवा कशाचा ते माहीत होतं. पण आईचा उजळलेला चेहरा बघून तो हसला आणि म्हणाला, "हाव अव्वा. देवाचाच." दुष्काळात तिला हसताना बघून किती दिवस झाले होते. त्याला ते मोडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं मिस्त्रीला फोन लावला. "निजामभाई, ब्रेकचा दिवा जाईना."

"उंच केल्यावर लागतात असे दिवे," निजामोद्दीन पलीकडून म्हणाला. गॅरेजात गाड्यांची रांग होती. "मोठे टायर टाकले की वायरिंग येडं होतंय. कुछ नै होता, चलू दे. तेल टाकून बघ."

सिद्धलिंगनं तेल टाकलं. दिवा गेला. त्या दिवशी नागम्मा जेवली नाही नीट. "दिवा का शांत झाला रे?" पुन्हा पुन्हा विचारत होती. काही दिवसांनी तेल उतरलं, दिवा लागला आणि तिचा जीव भांड्यात पडला. मी आतून हाका मारत होते आणि घरात आनंद होत होता. काय बोलावं याला.

सिद्धलिंग अधूनमधून तेल टाकायचा आणि तसेच आम्ही पाणी वाहत राहिलो. वस्ती एका उताराच्या तळाशी होती. माझा आवाज आला की बाया घागरी घेऊन उताराखाली ओळीनं उभ्या राहायच्या. सगळ्यांत पुढं चांगुणा असायची. तिची सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून तिला पहिली घागर, असं वस्तीनंच ठरवलं होतं. सिद्धलिंग तिला म्हणायचा, "भाभी, नळी धरा, सांडू देऊ नका." आणि खरंच, तिथं एक थेंबही सांडत नसे. त्या दिवसांत मला माझ्या गंजाची, वयाची, कशाचीच लाज वाटली नाही. सरकारी साहेबांना नेताना जे कधी वाटलं नव्हतं, ते मला तिथं वाटलं.

त्या सकाळी ब्रेक दाबताना सिद्धलिंगच्या कपाळाला आठी पडली. पाय नेहमीपेक्षा खोल गेला होता. तो नागम्माला म्हणाला, "अव्वा, आज जरा अहमदपूरला जाऊन येतो. निजामभाईला दाखवतो गाडी. वस्तीवर उद्या जाईन."

नागम्मा माझ्याजवळ आली, काचेतून आत वाकून बघितलं. "दिवा कसा झकास लागलाय सकाळपासनं. आज कशाला खाडा करतूस? बायका घागरी घेऊन बसल्या असतील रे. आधी पाणी देऊन ये."

त्यानं क्षणभर तोंड उघडलं होतं. दिवा कशाचा ते सांगणार होता, मी बघितलं. मग म्हणाला, "बरं अव्वा. पाणी टाकून तसाच जातो."

उताराच्या मधोमध ती नळी तुटली.

सिद्धलिंगनं ब्रेक दाबला, पाय थेट खाली गेला. पुन्हा दाबला. हँडब्रेक ओढला, पण मागं टाकी भरलेली, मी थांबणार कशी? समोर बाया उभ्या होत्या. माझा वेग बघूनही त्यांना कळेना, त्या घागरी सावरत होत्या. त्यानं स्टेअरिंग पूर्ण फिरवलं आणि मला बाजूच्या दगडी बांधावर घातलं. बायांपैकी कुणालाच खरचटलंसुद्धा नाही. टाकीचे पट्टे मात्र तुटले आणि ती सगळ्या वजनानिशी पुढं आली, सिद्धलिंगच्या पाठीवर.

चांगुणा धावत आली. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, हाका मारत राहिली. फुटलेल्या टाकीतलं पाणी उतारावरून चाललं होतं. बाकीच्या बाया आधी थिजल्या, मग खाली बसल्या आणि चाकोरीत साचलेलं पाणी वाट्यांनी घागरीत भरायला लागल्या. त्या रडत होत्या आणि भरत होत्या. मी त्यांना नावं ठेवणार नाही, तुम्हीही ठेवू नका. तुमच्या घरात हंडाभर पाणी असेल तर तुम्हाला ते कळायचं नाही.

सिद्धलिंगला लातूरला नेलं. तो परत आला नाही.

मला इथं ओढून आणलं. पुढं बऱ्याच दिवसांनी नागम्मा आली, काठी टेकत. निजामोद्दीननं तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. माझ्या डॅशबोर्डकडं बघत म्हणाली, "देवाचा दिवा लागलेला असताना असं कसं झालं, मिस्त्री?"

निजामोद्दीननं हातातलं फडकं बाजूला ठेवलं. त्याला खोटं बोलता आलं असतं. "अव्वा, तो देवाचा नव्हता," तो म्हणाला. "तो लागला की गाडी थांबवायची असती. ब्रेकमधी बिघाड हाय, असं गाडी सांगती. सिद्धूनं मला फोन केलता. मीच म्हणलो, चलू दे."

नागम्मानं शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. ती माझ्या दाराला धरून तशीच उभी राहिली.

"सिद्धूला ठावं होतं?" तिनं विचारलं.

"हाव, अव्वा."

"मग मला कुणीच का सांगितलं न्हाई?"

मित्रांनो, गाडीला तेल घाला, नळ्या तपासा, असं सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. तेही करा. माझं मागणं थोडं वेगळं आहे. तुमच्या घरी मोटारसायकल असेल, ट्रॅक्टर असेल, गॅसची शेगडी असेल. तिचा कुठला दिवा, कुठला आवाज धोक्याचा आहे, ते घरातल्या सगळ्यांना सांगा, आणि आजीला सगळ्यांच्या आधी सांगा. तिला काय कळतंय म्हणून गोड हसून हाव म्हणू नका. नागम्माला त्या दिव्याचा अर्थ ठाऊक असता, तर त्या सकाळी ती माझ्या चाकांपुढं आडवी पडली असती, पण तिनं पोराला जाऊ दिलं नसतं.