अळवाखालचा हौद

आमच्या माळ्याला, महिपतला, मी दहा वर्षं चोर म्हणत आले. तोंडावर! माझं आत एक बाहेर एक नसतं.

रत्नागिरीतली ही बाग सासऱ्यांनी छत्तीस साली मुंबईच्या एका उद्यानरचनाकाराकडून आखून घेतली. जांभ्याचे टप्पे, त्यांतून उतरणारे पाट आणि मधोमध निळ्या फरश्यांचा चांदणीसारखा हौद. शहात्तर साली आमचे हे कुवेतहून रजेवर आले आणि महिपतला म्हणाले, "त्या फरश्या काढ, नव्या न्हाणीघराला लावू." मी तेव्हा माहेरी होते. परत येऊन बघते तर हौद गायब, आणि तिथे अळू! "काढताना फुटल्या, फेकून दिल्या," महिपत म्हणाला. मेल्यानं विकून खाल्ल्या, असंच मी धरून बसले.

यंदा ह्यांनी बाग सपाट करून लॉज बांधायचं काढलं. मी भांडले, रडले, दोन दिवस जेवले नाही. शेवटी हे कबूल झाले: त्या रचनाकाराच्या शिष्या दमयंतीबाई येऊन बघू देत, मूळची बाग शाबूत आहे म्हणाल्या, तर हात लावणार नाही.

बाई जुना नकाशा घेऊन आल्या. टप्पे जुळले, पाट जुळले. मग थांबल्या.

"हौद कुठाय? सगळं पाणी त्याच्याकडे येतं. तोच नसेल तर बाग उरली असं कसं म्हणू?"



महिपत कुदळ घेऊन अळवात शिरला. हातभर माती काढली. वाळू लागल्यावर कुदळ बाजूला ठेवून हातांनी उकरू लागला. खाली निळी फरशी. एकही फुटलेली नाही! या अल्ला, ह्याच अळवाच्या वड्या मी मिटक्या मारत खाल्ल्या आणि वर ह्यालाच शिव्या घातल्या.

"अरे, मला तरी सांगायचंस!"

"तुमच्या पोटात काय राहतं काय, भाभी? जेवायच्या आधी शेठना कळलं असतं."

खरं होतं. मी सांगितलंच असतं. सगळ्यांसमोर मला रडू फुटलं. "माफ कर रे," म्हटलं, "तुझे उपकार जन्मात फिटायचे नाहीत."

महिपत मात्र ह्यांच्याकडे बघत होता. हुकूम मोडला होता त्यानं. हे हौदाच्या कडेशी आले. मग चपला काढल्या, लेंगा वर खोचला आणि त्याच्या शेजारी बसून वाळू उपसायला लागले.