चौदा फोटो

टकळीने चौदावा फोटो पत्राला जोडला, ‘पाठवा’ दाबलं आणि जग जिंकल्यासारखी खुर्चीत रेलली. आत्याच्या शिलाई मशीनचे चौदा फोटो, वर एक व्हिडिओ. जुनी मशीनं दुरुस्त करणाऱ्यांच्या त्या ईमेल गटात साडेसहाशे जण होते. एवढ्यांतल्या एकाला तरी मशीनचं दुखणं कळेलच.

मशीन जाड कापड शिवायचं होतं आणि दर चार-पाच टाक्यांनी दोरा तोडत होतं. दुरुस्तीवाला आदल्या दिवशी दोन कप चहा पिऊन ‘भंगारात घाला’ एवढंच सांगून गेला. शनिवारी भंगारवाला येणार होता. मशीन गेलं की आत्या पुन्हा कारखान्यात, दुसऱ्याच्या हाताखाली. तिथून सुटायला तिला नऊ वर्षं लागली होती.

‘मी दुरुस्त करते,’ टकळीने जाहीर केलं होतं. आत्या हसली नाही, हीच टकळीला परवानगी वाटली.

तासाभरात सहा उत्तरं आली. मशीनबद्दल एकही नाही.

‘पोरी, माझी मेलपेटी तुंबली. सासूबाईंचं पत्र आल्या पावली परत गेलं. त्याबद्दल आभारी आहे, पण पुन्हा करू नकोस.’

‘नियम वाचतं का इथे कोणी?’

शेवटी गट सांभाळणाऱ्या बाईंचं पत्र आलं. ‘इथे पत्राला काहीही जोडत नाहीत. फोटो गटाच्या ऑनलाइन सामायिक कपाटात ठेवायचे आणि पत्रात त्याची लिंक द्यायची. शिवाय फोटोत काय आहे ते शब्दांत लिहायचं. हा दुसरा नियम जास्त महत्त्वाचा.’

‘फोटो असताना शब्दांत कशाला?’ टकळी करवादली. कान मात्र लाल झाले होते.

आत्याने कापडातून मान वर केली नाही. ‘तुला बोलायला कधीपासून फोटो लागायला लागले?’

झालं. टकळी पट्टी घेऊन मशीनपुढे ठाण मांडून बसली. आधी साडेसहाशे जणांची माफी मागितली, मग लिहायला घेतलं. पण लिहिणार काय? आत्याच्या लेखी मशीनच्या प्रत्येक भागाचं नाव ‘ते हे’.

‘आत्या, हे खालचं गोल फिरतं ते काय?’

‘ते हे. दोरा धरतं ते.’

‘अगं, साडेसहाशे लोकांना ते हे लिहू?’

मग तिने आकार लिहिले. बॉबिनच्या पेटीभोवती चोचीसारखं टोक असलेलं एक कडं फिरतं. दोरा तुटतो तेव्हा सुई खाली असते. तुटलेलं टोक कापल्यासारखं नाही, पिंजल्यासारखं लागतं. तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलं आणि पाठवलं.

शुक्रवारी ती शाळेतून आली तेव्हा उत्तर वाट पाहत होतं. खाली सही ‘वंगणकाका’. गटात यांचा शब्द शेवटचा मानत.

‘छान सांगितलंस. त्या चोचीवरून सुती दोरा हळू ओढ. अडकला तर तिथे खाच पडली आहे. नखालाही लागेल. सर्वांत बारीक पॉलिश पेपरने घास, पण टोक बोथट करू नकोस. नख सरळ घसरलं की थांब. मग कान लावून चाक फिरव.’

दोरा अडकला. नखालाही लागलं. टकळी अर्धा तास घासत होती. जीभ दातांत, तोंडातून एक अक्षर नाही. आत्या दोनदा दारात येऊन पाहून गेली.

मग आत्याने चौपदरी कापड घातलं आणि पायाने पेडल दाबलं. वीतभर शिवण झाली, हातभर झाली. दोरा तुटला नाही. आत्याने फोन उचलला आणि भंगारवाल्याला सांगितलं, ‘उद्या येऊ नका.’

टकळीने शिवणीचा फोटो काढला. या वेळी चुकायचं नव्हतं, म्हणून वंगणकाकांचे आभार लोक कसे मानतात ते पाहायला तिने त्यांची जुनी पत्रं उघडली. गेल्या अकरा वर्षांतली पत्रं होती. कान लावा, बोट फिरवा, चाचपून पाहा. एकाने विचारलं होतं, मशीनमधलं तेल काळपट झालंय, बदलू का? काकांनी लिहिलं होतं, ‘रंगाचं दुसऱ्या कोणाला तरी विचारा. वास कसा येतो ते सांगितलंत तर मी सांगेन.’

टकळीने ते पत्र पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा.

‘पाठवलास फोटो?’ आत्याने विचारलं.

‘नाही.’ टकळीने शिवलेलं कापड तिच्या मांडीवर ठेवलं आणि कीबोर्ड पुढे ओढला. ‘डोळे मीट. बोटाने टाके मोज आणि मला सांगत जा.’