हत्ती पुरा होईस्तोवर

"चांदीनी बाजू खाले, धवळी बाजू वर! कितला दाव सांगू?" जिवली ओरडली.

सतरंजीवर तेरा पोरं बसली होती आणि प्रत्येकाच्या पुढ्यात एक कागदी ताटली होती. चकचकीत बाजूवर रंग धरत नाही, नुसता ओघळतो, हे तिला काल घरी एक ताटली वाया घालवून कळलं होतं. मैद्याची खळ तिनं पहाटेच शिजवून आणली होती. कात्र्या दोनच. त्यामुळे कापायचं काम तिचं आणि चिकटवायचं पोरांचं.

खरं तर हे काम शुक्रवारचं. अंगणवाडीच्या सेविका डिंपलताईंनी मोबाइलवर दाखवलं होतं, ताटल्यांचे ससे, वाघ, हत्ती कसे करायचे ते. आज ताई चोपड्याला मीटिंगला गेल्या होत्या. मदतनीस जिवलीनं फक्त खिचडी शिजवायची आणि गाणी म्हणून घ्यायची, एवढंच ठरलं होतं. पण तिनं ताटल्यांचा पुडा आजच फोडला.

कारण ऊसतोडीचा ट्रक आज निघणार होता.

खिडकीतून तो दिसत होता. पत्र्याच्या पेट्या, गोधड्या, कोंबड्यांचं खुराडं वर चढत होतं. तिचा लेक सुकलाल दोरखंड आवळत होता. सून मोनाली सात महिन्यांचं पोर कडेवर घेऊन उभी होती. दिवाळी झाली की हे सगळे बारडोलीकडे जात, ते पार होळीलाच परत येत. मागच्या साली नात रोशनीही गेली होती. साडेचार वर्षांची पोर, परतली तेव्हा खोकला छातीत घर करून बसला होता आणि गाणी सगळी विसरली होती.

यंदा जिवलीनं हट्ट धरला. आठ दिवस घरात तोच विषय. तिकडे आईबाप कोयता घेऊन पहाटे फडात गेले, की तान्ह्याला कोण बघणार? पाच वर्षांची बहीणच. मोनाली नुसती भाकरी जोरात थापायची. शेवटी सुकलाल म्हणाला होता, "माय, पोर जर सोता म्हननी का आठे ऱ्हासू, तं ऱ्हाऊ दे. पन तिना तोंडथून निंघाले पाहिजे."

पोरीनं स्वतः 'राहते' म्हणायला हवं. म्हणून रोशनीला हत्ती. ससा दहा मिनिटांत होतो. हत्तीला दोन कान, घडीघडीची सोंड, वर रंग. हत्तीत पोर अडकते.

"मोठीमाय, मना हाथीना कान पडी ऱ्हायना," रोशनी म्हणाली. आजीला ती मोठीमाय म्हणायची.

"खळ जास्ती लाव. दाबी धर."

जिवली दारात गेली, परत आली. खिचडीवरचं झाकण उगाच काढलं, ठेवलं. पुन्हा दारात. शेजारची भिकुबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"बैस ना वं घडीभर. पायले भवरा बांधेल शे का?"

"खिचडी लागी जाई."

"खिचडी काय दारमा शिजस का?" भिकुबाई हसली.

ट्रकचा हॉर्न वाजला. पोरांची डोकी वर झाली. जिवलीनं घाईनं टाळ्या वाजवल्या. "आते रंग! बठ्ठा जन रंग ल्या!" तेरा बोटं एकदम रंगाच्या वाट्यांत घुसली.

तेवढ्यात सुकलाल दाराशी आला. डोक्याला रुमाल, हाताला दोरखंडाचे वळ. आत न येता तिथूनच त्यानं हाक मारली.

"रोशनी! ट्रक निंघी ऱ्हायना. येस का?"

रोशनीनं मानसुद्धा वर केली नाही. सोंड चिकटत नव्हती. "आते नै. मना हाथी बाकी शे."

सुकलालनं डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला. मग आईकडे बघून म्हणाला, "बरं. तिनी सांगं." त्यानं घराकडे बोट दाखवलं. "खोकलानी दवाई फडताळमा शे." आणि तो वळला.

जिवलीनं तोंड उघडलं होतं. 'आते नै' म्हणाली ती. पोर आत्ताचं बोलली होती, पाच महिन्यांचं नाही. हे जिवलीला जितकं स्वच्छ कळलं होतं तितकं दुसऱ्या कुणाला कळणं शक्य नव्हतं. एकोणीस वर्षं ती असल्याच पोरांत बसत आली होती. तिनं तोंड मिटलं आणि सोंडेची घडी घालून दिली.

ट्रक घरघरत गेला. आवाज वळणापर्यंत गेला आणि थांबला. तिथं शिवेवर वाघदेव. गावाचा कुठलाही ट्रक त्याला नारळ फोडल्याशिवाय पुढं जात नाही. शेंदूर लावायचा, अगरबत्ती लावायची, सगळ्यांनी उतरून पाया पडायचं. पाव तास तरी जातो. हा पाव तास सरला की झालं. जिवलीला तो पाव तास पायांत जाणवत होता.

"व्हयना!" रोशनी उठली. निळा हत्ती, एक कान वर, एक खाली. "चाल मोठीमाय. भाऊले दखाडूत."

"सुकू दे पहिले."

रोशनीनं गाल फुगवून फुंकर मारली. पुन्हा मारली. मग ताटली दोन्ही हातांत आडवी धरून दाराशी गेली आणि पायात चपला सरकवल्या. उजवी डाव्यात, डावी उजव्यात.

"सुकना. चाल ना. ट्रकमा माय वाट पाही ऱ्हायनी."

जिवली हललीच नाही. लांबून ढोलकीवर थाप पडल्यासारखा आवाज आला. नारळ फुटला असेल, किंवा नसेलही.

"भिकुबाई!" ती एकदम ओरडली. "पोरेस्कडे ध्यान दे!"

रोशनीला कडेवर घेऊन ती धावत सुटली. या वयात धावणं म्हणजे काय, नुसतं फेंगडत चालणं. हत्ती वर धरून रोशनी हसत होती.

शिवेवर माणसं चढून बसली होती. तान्हं भोकांड पसरून रडत होतं. मोनालीनं रोशनीला पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. तसा तो खुलला याची लाज वाटून तिनं लगेच खाली पाहिलं.

"माय, तिनी तं नै सांगं व्हतं," सुकलाल म्हणाला.

"तिनी 'आते नै' सांगं. मी आयकं. आयकीसन गप बसनी." जिवलीला धाप लागली होती. "धर तिले. नि पडावले गया का पहिले तिना खोकला दखाड कोनले तरी. नुसती हळद पाजू नको."

सुकलालनं पोर वर घेतली. रोशनीला मागं वळून बघायला सवडच नव्हती. तिनं हत्ती भावासमोर नाचवला, त्यानं रडं थांबवून तो धरला आणि सोंड उपटून तोंडात घातली. रोशनी खिदळली. ट्रक हलला. कुणीतरी जिवलीच्या हातावर नारळाचा तुकडा ठेवला, तो तिनं तसाच पदराच्या टोकाला बांधला.

ती परत आली तेव्हा भिकुबाई खिचडी ढवळत होती. तिनं जिवलीकडे एकदा पाहिलं आणि भांड्यावर झाकण ठेवलं.

पिवळ्या रंगानं कोपरापर्यंत माखलेला एक पोरगा, प्रकाश, ताटली घेऊन पुढं आला. "बाय, मना वाघले डोया नै."

जिवली खाली बसली. कात्रीच्या टोकानं एक भोक पाडलं, मग दुसरं. एक डोळा वाटाण्याएवढा झाला, दुसरा चांगला बोराएवढा. पोरानं वाघ तोंडावर धरला आणि त्या दोन भोकांतून तो तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"दिखस का रे?" तिनं विचारलं.

"दिखस," वाघ म्हणाला. "तू दिखस."